नावं संपेपर्यंत

घरातून निघाले तेव्हा आई एकीकडे "नको जाऊस" म्हणत होती आणि दुसरीकडे माझा डबा भरत होती. तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं आणि वेगळ्या पिशवीत संत्री. बाबा बाथरूमच्या दारात दात घासत उभे होते. तोंडात ब्रश तसाच ठेवून म्हणाले, "जाऊ दे गं तिला. घराबाहेर पडतेय हेच खूप झालं."

मी समोर असताना माझ्याबद्दल असं बोलायची आमच्याकडे पद्धतच पडलीये. मी मध्ये काही बोलत नाही ना, म्हणून.

आधी थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही फुनाबोरीला राहतो, टोकियोत. बाबांच्या कंपनीने तीन वर्षांसाठी पाठवलं होतं, त्याला कितीतरी वर्षं झाली, ती तीन वर्षं अजून संपलेली नाहीत. आई एका पाळणाघरात काम करते, तिथे सगळी आपल्याकडची मुलं असतात. मी सतरा वर्षांची आहे आणि शाळेत जात नाही. हायस्कूल इथे दहावीपासून असतं, ते पहिल्या उन्हाळ्यातच सोडलं. कुणी मारलं नाही, कुणी चिडवलंही नाही. एक दिवस स्टेशनपर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग स्टेशनपर्यंत जाणंही बंद झालं.

आता घरात एक प्रश्न होता. पुण्याला आत्याकडे राहून बाहेरून दहावी द्यायची, मग तिकडेच कॉलेज. किंवा इथे घरबसल्या हायस्कूल करायचं. तसली शाळा असते इथे, महिन्यातून एखाद-दोनदा जायचं, बाकी अभ्यास घरून. बाबा म्हणाले होते, "रविवारपर्यंत सांग. काहीही सांग, आम्ही रागावणार नाही. पण तू सांग." आत्याने तर माझ्यासाठी खोली रिकामी करून पडदेसुद्धा लावले होते. व्हिडिओ कॉलवर दाखवले. पिवळे, त्यावर पानं. मी मान हलवली. ती हो म्हणून होती की छान म्हणून, ते मलाच माहीत नव्हतं.

आणि मला मिओला एकदा बघायचं होतं. पुण्याला गेले असते तर ते राहूनच गेलं असतं.

मिओ म्हणजे माझी मैत्रीण. एकुलती एक. शाळेत न जाणाऱ्या मुलांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, तिथे ओळख झाली. दोन वर्षं आम्ही रोज लिहितोय, पण एकमेकींना पाहिलेलं नाही. आवाजही ऐकलेला नाही, कारण दोघींनाही फोनची भीती वाटते. ती समुद्राजवळच्या एका छोट्या गावात राहते, निइगाताच्या बाजूला. गावाचं नाव लिहू नकोस म्हणालीये, म्हणून लिहीत नाही. तिच्या गावात एक जुनं थिएटर आहे. तिथे एक ऑस्ट्रेलियन सिनेमा आठवडाभर लागणार होता. तिकडच्या एका ॲबोरिजिनल मुलीची गोष्ट, म्हणजे तिथल्या मूळ लोकांपैकी एक मुलगी, आमच्याच वयाची. कुठल्याही मोठ्या कंपनीचा नाही, लोकांनी पैसे गोळा करून काढलेला. टोकियोत तो येऊन गेला तेव्हा मी घरातून निघालेच नव्हते. मिओने लिहिलं, "इकडे ये. एकत्र बघू. मी तुझ्या शेजारी बसेन."

म्हणून शुक्रवारी पहाटे निघाले. जाताना ओल्या कचऱ्याची पिशवी खाली नेली, कावळ्यांनी फोडू नये म्हणून लावलेल्या जाळीखाली नीट ठेवली आणि स्टेशनवर गेले. या वेळी परत फिरले नाही.

जाताना: लोकल, लोकल आणि लोकल

बुलेट ट्रेनने हा प्रवास झटकन होतो. मी लोकलने गेले. स्वस्त पडतं, साधारण निम्म्यात होतं. पण खरं कारण म्हणजे मला पोचायला वेळ लागायला हवा होता.

रस्ता सांगते. फुनाबोरीहून शिंजुकू लाइनने इवामोतोचो, तिथून चालत अकिहाबारा, पुढे उएनो. उएनोहून ताकासाकीची गाडी धरायची. सकाळी टोकियोतून बाहेर जाणाऱ्या गाडीत बसायला आरामात जागा मिळते, समोरून येणाऱ्या गाड्यांमध्ये लोक काचेला चिकटलेले दिसतात. ताकासाकीला गाडी बदलून मिनाकामी. मिनाकामीच्या पुढे मात्र दिवसाला अगदी मोजक्या गाड्या आहेत. वेळापत्रक आधी बघून ठेवा, एक चुकली की अर्धा दिवस गेला. मिनाकामीला गाडी थांबली की सगळे एकदम जिना चढून पलीकडे पळतात. मीपण पळाले. का पळतोय ते पुलावर पोचल्यावर कळलं. पुढची गाडी दोनच डब्यांची होती.

आईचा मेसेज आला. "कुठे आहेस?"

आई दिवसातून दहा वेळा हाच मेसेज करते. मी घरात माझ्या खोलीत असले तरी करते. मी नेहमी एक स्टिकर पाठवते, एक अस्वल अंगठा दाखवतंय. तेच पाठवलं.

मग बोगदा लागला. याच्या आत स्टेशन आहे. खरंच. गाडी अंधारात थांबते, दार उघडतं आणि थंडगार ओला वास आत येतो. फोटो काढणारे काही लोक उतरले. इथून वर जमिनीवर जायला लांबच लांब जिना आहे म्हणतात, त्यासाठीच येतात. समोर एक आजोबा बसले होते. त्यांनी मला विचारलं, तू नाही उतरत? मी मान हलवली. ते म्हणाले, "मीपण नाही. गुडघे." आणि स्वतःच हसले. मला हसायचं होतं, पण मी हसेपर्यंत ते खिडकीबाहेर बघायला लागले होते. माझं सगळं असंच असतं, थोडं उशिरा पोचणारं.

बोगद्याच्या अलीकडे मार्च होता, पलीकडे जानेवारी. छपरांवर माझ्याएवढा बर्फ. शेतं कुठली आणि रस्ता कुठला ते कळत नव्हतं. मी पुऱ्या काढल्या. आवाज होऊ नये म्हणून पिशवी मांडीवर धरून एकेक खाल्ली. गाडीच्या डब्यात हळद-ओव्याचा वास पसरला आणि मला उगाच घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

नागाओकाला परत बदलायचं. तिथून समुद्राकडे जाणारी गाडी. समुद्र दिसला तेव्हा मला आधी तो ढगच वाटला. तसाच राखाडी होता.

थिएटर

स्टेशनपासून सरळ चालत गेलं की बंद दुकानांची एक रांग आहे, त्यात थिएटर. बाहेरून जुन्या शाळेसारखं, लाकडी. दार सरकवायचं. आत रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर किटली, आणि एका टोपलीत घडी केलेली पांघरुणं. थंडी वाजते म्हणून जाताना एक घेऊन जायचं, येताना घडी करून परत ठेवायचं. काउंटरवर एक आजी होत्या, केसांना जांभळा रंग लावलेला. त्यांनी विचारलं, "विद्यार्थी?"

विद्यार्थ्यांना तिकीट स्वस्त असतं. मी नाही म्हणाले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पूर्ण तिकिटाचे पैसे घेतले. काही विचारलं नाही. बरं वाटलं मला.

आमचं ठरलं होतं, शेवटून तिसरी रांग, डावीकडच्या दोन खुर्च्या. मी आतल्या खुर्चीत बसले आणि बाहेरची रिकामी ठेवली. हॉलमध्ये सगळे म्हातारे लोक, इकडे एक तिकडे दोन. अगदी मागे दाराजवळ टोपी आणि मास्क घातलेला एक मुलगा. मी प्रत्येक वेळी दार वाजलं की बघत होते. दिवे मंद झाले. शेजारी कुणी नाही. मी माझी बॅग त्या खुर्चीवर ठेवली, मग उचलून परत मांडीवर घेतली. म्हणलं, ती येईल आणि तिला बॅग दिसेल, जागा नाही असं वाटेल.

सिनेमाच्या आधी पडद्यावर एक सूचना आली. या चित्रपटात आता हयात नसलेल्या माणसांचे चेहरे आणि आवाज असू शकतात, असं काहीतरी. तिकडच्या लोकांमध्ये गेलेल्या माणसाचा फोटो किंवा आवाज एकदम समोर आला तर त्रास होतो, म्हणून आधी सांगतात. कुणाचा आवाज ते सांगितलं नव्हतं.

गोष्ट सांगते, फार नाही. लाल मातीचं गाव. तिथली मुलगी शाळा सोडून रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर काम करते. आजीजवळ राहते. मावशीचं म्हणणं, हिला लांबच्या शहरात बोर्डिंगला पाठवू या, फॉर्म आलाय, सोमवारपर्यंत सांगायचंय. मिओने मला हे सांगितलं नव्हतं. मी अंधारात बसून म्हणलं, अच्छा, म्हणून तू मला इथे बोलावलंस.

आजी त्या मुलीशी फक्त त्यांच्या भाषेत बोलते. मुलीला सगळं कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते, नाहीतर देतच नाही. चुकीचं बोलले तर, या भीतीने. ती नजरेआड झाली की आजी घरापुढच्या लाकडी ओट्यावरून एक हाक मारते. दर वेळी तीच. खाली जपानीत येतं, "कुठे आहेस?" मुलगी टाकीमागे असते, झाडावर असते, एकदा तर त्याच ओट्याखाली कुत्र्याजवळ बसलेली असते. हाक ऐकते आणि गप्प राहते.

तिची गोष्ट माझी नाहीये, हे मला कळतं. तिच्या लोकांकडून जमीन घेतली, भाषा घेतली, मुलं घेतली. माझ्या बाबांना कंपनीने फ्लॅट दिला. मी गप्प आहे ते माझं मी. तरीपण ती ओट्याखाली बसलेली असताना मी श्वास रोखून धरला होता.

शेवटी आजी जाते. मुलगी ओट्यावर एकटी बसते. पडदा काळा होतो, नावं सुरू होतात.

आणि मी उठले.

आमच्याकडे नावं आली की सिनेमा संपला. पुण्यात असताना तर शेवटचं गाणं लागलं की बाबा पायाने चपला शोधायचे. पार्किंगमधून आधी बाहेर पडायचं म्हणून. नावं सुरू होईपर्यंत आम्ही जिन्यात असायचो. मी जपानमध्ये इतकी वर्षं राहते, पण सिनेमे सगळे घरीच पाहिले, आणि घरी रिमोट बाबांकडे असतो. इथे थिएटरमध्ये शेवटचं नाव जाऊन दिवे लागेपर्यंत कुणी हलत नाही, हे मला माहीत होतं, म्हणजे कुठेतरी वाचलं होतं. त्या वेळी आठवलं नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती, डोळ्यातून पाणी येत होतं, आणि दिवे लागल्यावर लोकांनी मला तसं बघायला नको होतं. मी वाकून, सुमिमासेन, म्हणजे माफ करा, असं पुटपुटत बाहेर आले. एका आजोबांनी पाय आत घेतले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला बरं नाहीये.

बाहेर काउंटरवरच्या आजी म्हणाल्या, "अजून संपलं नाहीये." मी पांघरुणाची घडी केली, टोपलीत ठेवली, मान लववली आणि निघाले.

मुक्काम

समुद्रावर गेले, पण वारा इतका होता की उभं राहता येईना. मग मुक्कामाच्या ठिकाणी. घरातच दोन-तीन खोल्या भाड्याने देतात तसलं. एक काका-काकू चालवतात. लक्षात ठेवा, माझ्या वयाच्या मुलीला एकटीला ठेवून घ्यायला आईबाबांचं पत्र लागतं. आईने आधी फोन करून तिच्या मोडक्यातोडक्या जपानीत इतकं काही सांगितलं होतं की काकूंनी दार उघडल्या उघडल्या मला विचारलं, मोजे ओले नाहीत ना?

जेवण होतं भाजलेला मासा, मुळ्याचं लोणचं आणि भात. इथला भात नुसता खाऊन बघा, खरंच. मी काकूंना उरलेल्या पुऱ्या दिल्या. त्यांनी एक खाल्ली, डोळे मोठे केले आणि काकांना हाक मारली. काकांनी दोन खाल्ल्या. म्हणाले, बिअरबरोबर चांगलं लागेल. हे मी आईला सांगितलेलं नाही.

खोलीत येऊन बसले तेव्हा मिओचा मेसेज आला. मी उघडला नाही लगेच. म्हणलं, सॉरी असेल, ताप आला असेल, घरी कुणी आजारी असेल. मग उघडला.

"तू मला बघून गेलीस का?"

मला काही कळेना. मी विचारलं, तू कुठे होतीस?

"शेवटच्या रांगेत. टोपी. तुझ्या शेजारी यायला तीनदा उठले. मग ठरवलं, नावं संपतील, दिवे लागतील, तेव्हा नक्की. सगळ्या नावांमध्ये मी मनाची तयारी करणार होते. आणि नावं सुरू झाल्यावर तू उठलीस आणि माझ्या अगदी जवळून गेलीस. मला वाटलं, मला ओळखलं आणि आवडले नाही."

मी तिला लिहिलं की मला ती मुलगा वाटली. लिहिलं की आमच्याकडे नावं आली की सिनेमा संपतो, सगळे निघतात.

मग आलं, "मग नावं कोण बघतं?"

"कुणीच नाही."

"म्हणजे तू तिचं उत्तर ऐकलं नाहीस."

मी विचारलं, कुठलं उत्तर? ती म्हणाली, सांगणार नाही, ते सांगण्यासारखं नाहीये. उद्या सकाळी शेवटचा शो आहे, मग सिनेमा गावातून जाणार. मी विचारलं, तू येशील? त्याला तिने उत्तर दिलं नाही. मलाही ते नवीन नव्हतं. मीपण असंच करते.

दुसरा दिवस

माझं सकाळच्या गाडीने निघायचं ठरलं होतं. मी काकूंना जपानीत सांगितलं की मी दुपारी जाईन. वाक्य आधी मनात तीनदा म्हणून पाहिलं होतं. त्या "हो का" म्हणाल्या, बस. मी जितकी तयारी करते तितकी कुणाला गरजच नसते.

थिएटरमधल्या आजींनी मला ओळखलं. कालच्या तिकिटाचा तुकडा मागितला. तोच सिनेमा दुसऱ्यांदा बघायला आलं की अर्धे पैसे, असा त्यांचा नियम आहे. तिकीट देताना म्हणाल्या, "आज शेवटपर्यंत बस हं." तुकडा जपून ठेवा, तुम्हालाही सांगते.

मी तिथेच बसले. शेवटून तिसरी रांग, आतली खुर्ची. मागे वळून पाहिलं नाही. म्हणजे एकदा पाहिलं. शेवटच्या रांगेत कुणीही नव्हतं.

दुसऱ्यांदा बघताना गोष्टीची घाई नसते. मी सिनेमातल्या आजीकडे बघत होते. हाक मारल्यावर ती उत्तराची वाट बघते, मग थोडी मान हलवते आणि परत कामाला लागते. काल मी फक्त मुलीकडे बघत होते, त्यामुळे हे दिसलंच नव्हतं. आजी दर वेळी वाट बघते. दर वेळी. मला आईचे मेसेज आठवले आणि ते अस्वल.

पडदा काळा झाला. नावं सुरू झाली. माझे पाय उठायला लागले होते, मी ते खुर्चीखाली अडकवले. कुणी हललं नाही. पांढरी अक्षरं वर जात होती, मला त्यातलं एकही नाव माहीत नव्हतं. गाडी चालवणाऱ्याचं, जेवण करणाऱ्यांचं. कुत्र्याचंसुद्धा होतं.

मध्येच दार वाजलं. कुणीतरी हळू चालत आलं. शेजारच्या खुर्चीत बसलं.

मी वळले नाही. तीपण नाही. बाहेरच्या थंडीचा वास तिच्या कोटाला होता. नावं जात राहिली. शेवटी एक ओळ आली, की दिग्दर्शिकेची खरी आजी सिनेमा पूर्ण व्हायच्या आधी गेली, हाकेचा आवाज तिचा आहे. मग सगळं काळं. आणि त्या काळ्यात ती हाक आली. "कुठे आहेस?"

खूप वेळ काही नाही. मला वाटलं, हे एवढंच.

मग मुलीचा आवाज. त्यांच्या भाषेत. जरा अडखळत, बहुतेक चुकतसुद्धा. खाली जपानीत आलं, "इथे आहे."

दिवे लागले.

मिओ माझ्यापेक्षा उंच आहे. टोपी काढली होती, केस चपटे झाले होते. ती समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होती, मी माझ्या पांघरुणाकडे. सगळे गेले. काउंटरवरच्या आजी झाडू घेऊन आत आल्या, आम्हाला पाहिलं आणि परत बाहेर गेल्या.

मी म्हणाले, "संत्रं खाणार?"

ती म्हणाली, "तुझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आहे."

तिचा घोगरा आहे. रोज न वापरलेला. मला तो फार ओळखीचा वाटला.

आम्ही चालत स्टेशनकडे गेलो. तुम्हाला वाटेल, दोन वर्षांचं साचलेलं सगळं बोललो असू. नाही. संत्री खाल्ली. सालं टाकायला कचरापेटी मिळेना, इथे रस्त्यावर कचरापेट्या नसतातच, तर तिने सालं तिच्या खिशात ठेवली. एका बंद दुकानासमोर ती म्हणाली, इथे लहानपणी आइस्क्रीम मिळायचं. मी म्हणलं, हं. तिने विचारलं, पुण्याचं काय? मी म्हणलं, उद्या सांगायचंय. ती पुढे काही विचारेल म्हणून मी थांबले, पण तिने विचारलं नाही.

स्टेशनच्या आत ती आली नाही. तिच्या जुन्या वर्गातली मुलं शनिवारी तिथे असतात. सायकली लावायच्या जागेशी थांबली, कुणाच्या तरी सायकलचं हँडल धरून. मी आत गेले. प्लॅटफॉर्मवरून ती जागा दिसत होती. ती तिथेच होती. आम्ही हात हलवला नाही, दोघींनाही जमलं नसतं. गाडी निघाली तेव्हा तिने टोपी घातली, एवढं दिसलं.

रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. नुसतं पोकळ झालं. एक खुर्ची भरली की बाकीच्या किती रिकाम्या होत्या ते कळतं, तसं काहीतरी.

परत

परतीचं तिकीट नागाओकाहून बुलेट ट्रेनचं होतं, आईची अट. जाताना ज्या डोंगरांना सकाळ लागली, ते येताना कानाला दडे बसेपर्यंत संपले. बर्फ गेला, शेतं आली, घरं आली.

"कुठे आहेस?"

मी अस्वलावर बोट ठेवलं. मग काढलं आणि टाइप केलं. "ताकासाकी गेलं. डबा संपला. पुऱ्या सगळ्यांना आवडल्या."

लगेच फोन वाजला. आईचा. मी डब्यांच्या मधल्या जागेत जाऊन उचलला. आई घाबरली होती. म्हणाली, "काय झालं? बरी आहेस ना तू?"

असो. तुम्ही जाणार असाल तर सांगते. जाताना लोकलनेच जा, खिडकीजवळ बसा, बोगद्यातल्या स्टेशनावर दार उघडेल तेव्हा वास घ्या. हिवाळ्याच्या शेवटी गेलात तर एकाच दिवसात दोन ऋतू मिळतात. समुद्रासाठी जाऊ नका, उन्हाळ्यात काय असतो माहीत नाही, पण मार्चमध्ये तो कुणाशी बोलत नाही. आणि थिएटर दिसलं तर जे लागलं असेल ते बघा. पांघरूण घ्या.

रविवारी रात्रीचं जेवण झालं. बाबांनी एक मराठी सिनेमा लावला होता, आईच्या आवडीच्या हिरोचा. बाबांनी दुपारपासून मला काही विचारलं नव्हतं. पण रविवार आहे हे तिघांनाही माहीत होतं. आई संत्री सोलून सोलून वाटीत टाकत होती, कुणी खात नव्हतं. सिनेमा संपला, नावं आली, बाबांनी रिमोट उचलला.

मी म्हणाले, "थांबा ना, बाबा. होऊ दे सगळं."

बाबांचा हात तसाच राहिला. आईने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा म्हणाले, "का गं, कुणी ओळखीचं आहे का यात?"

"नाही."

त्यांनी रिमोट खाली ठेवला. नावं जात होती. स्पॉटबॉय, ड्रायव्हर, वेशभूषा साहाय्यक. आई एक नाव मोठ्याने वाचून म्हणाली, आमच्या वर्गात याच आडनावाची एक होती. पडद्याकडे बघताना बोलणं सोपं असतं, समोरचा आपल्याकडे बघत नसतो.

"मी नाही जात पुण्याला," मी म्हणाले. "इथेच राहते. ती घरून करायची शाळा करते. आत्याला मी सांगेन. फोन करून."

बाबांनी मान हलवली, हळूच, पडद्याकडे बघतच. आईने वाटी माझ्याकडे सरकवली. आवाज तिचा बदललेला होता, पण एवढंच म्हणाली, "पडदे छान होते गं पण."

नावं संपली. त्यानंतर काही आलं नाही, हाक नाही, काही नाही, नुसता काळा पडदा. तरी आम्ही तिघं बसून राहिलो.